वाळूवरचं ताट

दिवाळीची सुट्टी लागली की गाड्या कोकण-गोव्याच्या वाटेला लागतात. वाळूत मांडलेली प्लास्टिकची टेबलं, वर झावळ्यांचं छप्पर, समोर समुद्र आणि हातात भलंमोठं मेन्यूकार्ड. कार्ड वर्षभर तेच असतं, समुद्र मात्र रोज वेगळं देतो. म्हणून अशा ठिकाणी कार्ड बाजूला ठेवून आधी विचारावं, ‘आज काय गावलं?’

या जेवणाचं पंचांग पावसाशी बांधलेलं आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांच्या विणीचेही हेच दिवस. त्यामुळे जुलैत ‘ताजी सुरमई’ समोर आली तर ती बहुधा बर्फातली किंवा दूरच्या किनाऱ्यावरून आलेली. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला संपते, तिकडची मासळी इकडे येते. पावसाळ्यात खाडीतले मासे, तिसऱ्या आणि कुर्ल्या मागवणं शहाणपणाचं.

गोव्यातल्या शॅकही याच पंचांगावर चालतात. किनारा नियमन क्षेत्रात पक्कं बांधकाम चालत नाही, म्हणून बांबू, लाकूड आणि झावळ्या. सरकारी किनाऱ्यांवरच्या जागा पर्यटन खातं सोडत काढून देतं. पाऊस सरला की शॅक उभ्या राहतात आणि मे अखेर उतरवाव्या लागतात. तिथं पिझ्झा-पास्ताचीच चलती वाढल्यावर, 2023 च्या शॅक धोरणात गोव्याचे पदार्थ ठेवणं बंधनकारक झालं. तेव्हा शीतकढी, म्हणजे भात आणि माशाचं कालवण, मागताना संकोच नको.

मासळी ताटात येण्याआधीचा प्रवास पाहायचा असेल तर दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर जावं. सुवर्णदुर्ग समोर ठेवून होड्या पाण्यात नांगरलेल्या असतात. मासळी बैलगाडीतून किनाऱ्यावर येते, ओल्या वाळूत तिचे वाटे पडतात आणि भोवती कोंडाळं करून लिलाव चालतो. बोली तुटली की टोपलीवर बर्फ पडतो आणि पुढचा वाटा सुरू. हॉटेलवाले आणि घरगुती खानावळी चालवणाऱ्या बायका इथूनच माल उचलतात.

टेबलावर बसल्यावर ताजेपणा कसा ओळखायचा? मासा शिजण्याआधी दाखवायला सांगा. चांगला हॉटेलवाला त्यावर रागावत नाही. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, कल्ले लालभडक. बोटानं दाबलं तर मांस लगेच वर यावं. तिसऱ्या शिजल्यावर उघडतात, मिटलेली राहिली तर ती बाजूला ठेवा. बांगडा आणि सुरमई उन्हात पडून राहिली की त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळूनही जात नाही. जीभ चुरचुरली किंवा चेहरा लाल झाला तर खाणं थांबवा, त्रास वाढला तर डॉक्टर गाठा. भाव ‘आकारानुसार’ लिहिलेला असेल तर मासा वजन करून, किंमत ठरवूनच तव्यावर जाऊ द्या. नंतरचा वाद टळतो.

आता मागवायचं काय? दिवाळीच्या सुमारास बांगडा. पावसानंतर त्याचे थवे किनाऱ्याजवळ येतात, त्यामुळे तो ताजा मिळतो आणि खिशालाही झेपतो. मालवणात त्याचं तिखलं खा. त्यातली तिरफळं वासासाठी असतात, ती चावायची नाहीत. गोव्यात पोट चिरून आत रेशाद मसाला भरलेला बांगडा घ्या. लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगरचा तो आंबट-तिखट मसाला माशाच्या तेलकटपणाला बरोबर जुळतो. शेवटी सोलकढी हवीच.

पापलेटचा मात्र विचार करून मोह धरावा. अतिमासेमारीनं तो घटत चालला, म्हणून 2023 मध्ये महाराष्ट्रानं त्याला राज्य मासा घोषित केलं. तळहाताहून लहान पापलेट ताटात आला, तर एकदाही अंडी न घालता तो जाळ्यात सापडला असण्याचीच शक्यता मोठी. गिऱ्हाईक मागतं म्हणून तो विकला जातो. या सुट्टीत किनाऱ्यावर जेवायला बसाल तेव्हा छोटा पापलेट परत पाठवा आणि बांगडा मागवा.