भिंतीविना तुरुंग

आटपाडीजवळच्या (जि. सांगली) स्वतंत्रपूर वसाहतीला तट नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद यांनी ती उभी केली. ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटाची प्रेरणा तीच. इथे चांगल्या वर्तणुकीचे कैदी बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. पेरणी, पाणी, घरखर्च, मुलांची शाळा हे रोजचे व्यवहार चालू राहिल्याने सुटकेनंतर संसार नव्याने मांडावा लागत नाही.

बाकी कैद्यांना घराशी जोडून ठेवणारी वाट म्हणजे रजा. फर्लो, म्हणजे संचित रजा, ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळते. पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा, घरातल्या अडचणीसाठी. पैशाचा प्रश्न मात्र उरतोच. 2022 मध्ये येरवड्यात राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ योजना आणली: कैद्याला कुटुंबासाठी 50 हजारांपर्यंत कर्ज, परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून. कमावता माणूस आत असताना घर सावरणे हीसुद्धा सुटकेचीच तयारी आहे.

स्वतंत्रपुरात जागा मोजक्याच आहेत. अशा वसाहती प्रत्येक विभागात हव्यात.