अणू एकच, ओळखायचा कसा?

विजयदुर्ग किल्ल्यावर गेला असाल तर 'साहेबाचे ओटे' पाहिले असतीलच. नसतील, तर पुढच्या वेळी तटावरचे फोटो काढून झाले की तिकडे एक चक्कर मारा. दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर जागतिक हेलियम दिन साजरा होतो आणि एक गोष्ट हमखास कानावर पडते: १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियम शोधला.

गोष्ट भारी आहे, पण तारखा जुळत नाहीत. त्या ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, ग्रहणबिहण काही नसताना लॉकियरने तिथूनच सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला. वर्णपटात त्याला एक पिवळी रेघ दिसली. सोडियमच्या रेघांना लागून, पण सोडियमची नाही. विजयदुर्गला तो आला हे मात्र खरं. पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, 'मेल्पोमीन' या युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेऊन.

मला विचाराल तर खरी गोष्ट जास्त मजेदार आहे. कारण मधली २७ वर्षं हेलियमला 'मूलद्रव्य' म्हणायला बरेच रसायनशास्त्रज्ञ तयारच नव्हते. नुसत्या एका रेघेवर विश्वास कसा ठेवायचा? वस्तू हातात द्या! १८९५मध्ये विल्यम रॅम्झेने युरेनियमच्या खनिजातून वायू काढला, त्याच्या प्रकाशात तीच पिवळी रेघ सापडली आणि वाद मिटला.

प्रॅक्टिकलला तुम्ही फ्लेम टेस्ट करता ती याच घराण्यातली. ज्योत पिवळी झाली की सोडियम, किरमिजी झाली की स्ट्रॉन्शियम. रंग हीच मूलद्रव्याची सही. फक्त त्या तारेच्या टोकावर किती अणू असतात, हे आपण कधी मोजत नाही. आता समजा, अणू एकच आहे. तोही एका रेणूच्या पोटात बसलेला. एका अणूने ज्योत थोडीच रंगणार?

इथे कामाला येतात चाचपणारे मायक्रोस्कोप. खाडीच्या गढूळ पाण्यात उतरून हातापायांनी तिसऱ्या शोधणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. दिसत काही नाही, पण बोटांना आकार कळतो. १९८१मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत बिनिग आणि रोहरर यांनी बनवलेला एसटीएम असंच काम करतो. धातूचं टोकदार टोक पृष्ठभागापासून नॅनोमीटरभर अंतरावर फिरवायचं आणि मधल्या फटीतून झिरपणारा विद्युतप्रवाह मोजायचा. पुढे आलेला एएफएम प्रवाहाऐवजी टोकावरचं बल मोजतो. २००९मध्ये त्याच प्रयोगशाळेत लिओ ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी टोकावर कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू चिकटवला आणि पेंटासीनच्या रेणूची पाच षटकोनं अगदी पुस्तकातल्या आकृतीसारखी टिपली. त्यासाठी रेणू स्थिर हवा, म्हणजे तापमान ५ केल्विनच्या आसपास हवं. एवढा गारवा देतो कोण? उणे २६९ अंशांना उकळणारा द्रवरूप हेलियम! १८ ऑगस्टच्या भाषणांत हे कुणी सांगायला हवं.

पण आकार कळला म्हणजे नाव कळलं असं नाही. मारियाना गर्तेच्या तळातल्या चिखलात सापडलेल्या एका जिवाणूने बनवलेला रेणू असाच अडला होता. त्यात कोणते अणू किती, हे वजनावरून कळलेलं. मांडणीच्या मात्र चार शक्यता शिल्लक होत्या. २०१०मध्ये एएफएमच्या चित्राने त्यातली योग्य मांडणी निवडायला मदत केली. थोडक्यात, नावं एका यंत्राने दिली, आकार दुसऱ्याने.

नुसत्या स्पर्शावरून नाव सांगता येईल का? २००७मध्ये ओसाका विद्यापीठाच्या गटाने तेही करून पाहिलं होतं. एकाच पृष्ठभागावर सिलिकॉन, कथिल आणि शिसं. तिन्ही सारखेच उंचवटे. मग टोकाला प्रत्येक अणू जास्तीत जास्त किती ओढतो, ते मोजलं. सिलिकॉनची ओढ १०० धरली तर कथिलाची ७७ आणि शिशाची ५९. हुशारी आहेच. पण ही ओळख तुलनेवर चालते. समोर अनोळखी मूलद्रव्य आलं तर पंचाईत.

म्हणून २०२३चा प्रयोग मोठा. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत सॉ वाई ह्ला यांच्या गटाने दोन्ही रस्ते एकत्र आणले, प्रकाशाचाही आणि स्पर्शाचाही. एसटीएमचं टोक रेणूवर टेकायच्या बेतात आणलं आणि वरून क्ष-किरण सोडले. प्रत्येक मूलद्रव्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनांना हलवायला ठरावीक ऊर्जा लागते. क्ष-किरणांची ऊर्जा हळूहळू बदलत नेली, तेव्हा लोहाच्या नेमक्या ऊर्जेला टोकातला प्रवाह उसळला. टोक बाजूला नेलं की सही गायब. दुसऱ्या एका रेणूतल्या टर्बियमच्या अणूचीही अशीच सही मिळाली. त्याआधी क्ष-किरणांनी ओळख पटवायला निदान दहा हजार अणू तरी लागायचे. शिवाय नुसतं नावच नाही, स्वभावही कळला: टर्बियम रेणूत अलिप्त बसतो, लोह मात्र शेजाऱ्यांशी भरपूर देवघेव करतो.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर दोन पत्ते लिहून ठेवा. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये शास्त्रज्ञांनी ३५० मिलिकेल्विनला चालणारा एसटीएम स्वतः बांधला आहे. आणि असल्या प्रयोगाला लागणारे तीव्र क्ष-किरण ज्या वर्तुळाकार यंत्रातून मिळतात, त्या जातीचं 'इंडस-२' इंदूरला आहे. तिथे विद्यापीठांतले संशोधकही प्रयोगासाठी वेळ मागू शकतात.