साठी, बुद्धी नाठी?

आपल्या भाषेतील म्हणींच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव उभा असतो, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि काही म्हणी अशा आहेत की, त्या घरात जितक्या कमी उच्चारल्या जातील तितके बरे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही त्यांपैकी एक होय. आजोबांना चष्मा सापडेना, किंवा आजीने एकच हकीकत दुसऱ्यांदा सांगितली, की कोणीतरी ही म्हण सहज म्हणून जातो. सारे हसतात, आणि जिच्याविषयी ती म्हटली ती व्यक्तीही कसनुसे हसते. वरवर पाहता ह्यात वावगे काहीच नाही. परंतु तीन शब्दांच्या ह्या म्हणीने आमच्या स्वतःच्या घरात दोन वडील माणसांवर, दोन निरनिराळ्या प्रकारांनी, अन्याय झालेला आम्ही पाहिला आहे. तो सांगितल्याने दुसऱ्या एखाद्या घरचा टळला, तर ह्या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

पहिली हकीकत अण्णांची. अण्णा म्हणजे आमचे थोरले काका. जन्मभर शाळेत गणित शिकविलेले. घरची कीर्दही ४० वर्षे त्यांच्याच हाती होती, व तीत कधी पैचा फरक सापडावयाचा नाही. वयाच्या ७४ व्या वर्षी मात्र त्यांनी एका महिन्यात विजेचे बिल दोनदा भरले, आणि पुढच्याच महिन्यात दूधवाल्याचा हिशेब चुकला. मुलगा कर्तबगार आणि पितृभक्त. त्याने वह्या अगदी हळुवारपणे आपल्याकडे घेतल्या व म्हणाला, “अण्णा, आजवर पुष्कळ केलेत. आता तुम्ही स्वस्थ बसा.” ह्या बोलण्यात प्रेमावाचून दुसरे काहीही नव्हते. पण हिशेब गेला, त्याच्यामागून बँकेत जाणे गेले, मंडईत जाणे गेले, आणि नातवंडांना शिकवणी लागल्यामुळे त्यांचा अभ्यास घेणेही गेले. वर्षाच्या आत अण्णा झोपाळ्यावर बसून समोरच्या भिंतीकडे पाहू लागले. विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर येऊ लागले. तेव्हा घरात ती म्हण उच्चारली गेली, आणि सर्वांनी ती निदान म्हणून स्वीकारली.

दिवाळीस आमची एक भाची आली होती. ती डॉक्टर. दोन दिवस अण्णांशी बोलल्यावर तिच्या ध्यानात आले की, त्यांना प्रश्न समजत नाही असे नसून तो नीट ऐकूच येत नाही, आणि चारचौघांत पुन्हा पुन्हा विचारण्याची लाज वाटल्यामुळे ते सुचेल ते उत्तर देऊन मोकळे होतात. तिच्या आग्रहावरून रक्त तपासले, तो ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व फारच कमी असल्याचे आढळले.

ही गोष्ट शाकाहारी घरांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ब-१२ जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातच मिळते. शाकाहारी मनुष्यास त्याचा आधार म्हणजे दूध, दही आणि ताक. उतारवयात शरीराची ते शोषून घेण्याची शक्ती मंदावते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरील काही गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते आणखी घटते. ह्या उणिवेने हातापायांस मुंग्या येतात, तोल जातो, मन उदास होते आणि विसरही पडतो. गलग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, मांद्य, दीर्घ औदासीन्य, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साठलेले रक्त, ह्या इतर कारणांनीही स्मृती ढळल्यासारखी दिसते. आणि ह्यांतील प्रत्येक कारणावर उपाय आहे. उपाय असलेल्या दुखण्यास वयाचे नाव देऊन स्वस्थ बसणे, ह्यापरते दुर्दैव कोणते?

अण्णांना इंजेक्शने सुरू झाली, श्रवणयंत्र आले, आणि भाचीच्या हुकमावरून कीर्दही त्यांच्याकडे परत गेली. अट एवढीच की, महिनाअखेर मुलाने ती एकदा नजरेखालून घालावी. चार-पाच महिन्यांत अण्णा पूर्ववत्‌ झाले असे आम्ही म्हणणार नाही. माणसांची नावे त्यांना अजूनही चटकन आठवत नाहीत. परंतु झोपाळ्यावरचे ते मौन गेले, आणि हल्ली मुलाच्याच बेरजेतील चुका ते काढीत असतात.

वय झाले म्हणजे बुद्धी जाणारच, हा समज खरा असता तर आपल्या ज्ञानभांडारातील कितीतरी भाग आपल्याला मिळालाच नसता. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांचा जन्म १८८० चा. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९३० साली, म्हणजे पन्नाशीत, प्रसिद्ध झाला. आणि पाचवा व अखेरचा १९६२ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १९४४ साली समता संघ स्थापिला तेव्हा त्यांचे वय ८६ होते. असे पुरुष विरळा, हे खरे. आणि त्यांच्यासारखे काम केले की कोणाचीही बुद्धी शाबूत राहील, असेही ह्यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, साठीचा व बुद्धी नासण्याचा संबंध अटळ नाही. शब्द आठवावयास उशीर लागणे, नवी गोष्ट शिकावयास अधिक वेळ लागणे, हे वयाबरोबर येते. विचारशक्तीच नाहीशी होणे हा वयाचा धर्म नसून तो आजार आहे.

मग हा आजार काहींना गाठतो व काहींना नाही, किंवा काहींना फार उशिरा गाठतो, असे का? अमेरिकेत डेव्हिड स्नोडन ह्या संशोधकाने १९८६ पासून ख्रिस्ती मठांतील ६७८ वृद्ध साध्वींचा अभ्यास केला. सर्वांचा दिनक्रम, आहार, निवास जवळजवळ एकसारखा. त्यामुळे तुलना सोपी. मृत्यूनंतर मेंदू तपासू देण्यास त्या सर्व कबूल झाल्या होत्या. त्यांतील एक साध्वी १०१ वर्षांच्या वयापर्यंत बुद्धीच्या चाचण्यांत उत्तम गुण मिळवीत होती. पण मरणोत्तर तपासणीत तिच्या मेंदूत रोगाच्या खुणा विपुल आढळल्या. म्हणजे रोग घरात शिरला होता, तरी घर कोसळले नव्हते! शास्त्रज्ञ ह्यावरून असे अनुमान काढतात की, शिक्षण, उद्योग व माणसांत वावरणे ह्यांनी मेंदूत जन्मभर एक गंगाजळी साठत जाते, आणि तूट येऊ लागली की ती काही काळ भरून काढते.

आपल्याच देशातील दाखला अधिक बोलका आहे. हैदराबाद येथे डॉक्टर सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसून आला; आणि विशेष म्हणजे निरक्षर लोकांतही हा फरक आढळला. तेव्हा गंगाजळी केवळ पदवीधरांचीच साठते असे नाही. दोन भाषांत व्यवहार करणाऱ्याचे मन क्षणोक्षणी निवड करीत असते, आणि ती निवड हाच त्याचा व्यायाम होय, असे ह्याचे स्पष्टीकरण देण्यात येते.

‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची १४ टाळता किंवा आवरता येण्याजोगी कारणे सांगितली. बालपणी अपुरे शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्य, बैठे जीवन, औदासीन्य, एकटेपणा, बहिरेपणा, अधू दृष्टी ही त्यांतील काही. ही सारी कारणे जगभर दूर करता आली, तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्या मंडळाचा अंदाज आहे. कान आणि डोळे ह्या यादीत आहेत, इकडे वाचकांनी लक्ष द्यावे. श्रवणयंत्र हे म्हातारपणाचे लाजिरवाणे चिन्ह नव्हे; जगाशी असलेला धागा तुटू न देण्याचे ते साधन आहे.

शब्दकोडी सोडवावीत काय, असे पुष्कळजण विचारतात. अवश्य सोडवावीत, परंतु रोज कोडी सोडविणारा मनुष्य मुख्यत्वेकरून कोडी सोडविण्यातच तरबेज होतो. बदाम किंवा ब्राह्मी खाल्ल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असेही सिद्ध झालेले नाही. त्यापेक्षा रोजचे चालणे, नवीन भाषा, नवीन राग, नातवाला शिकवावयाचे गणित, चार मित्रांशी घातलेला वाद, आणि सर्वांत मुख्य म्हणजे ज्यावाचून घरचे अडेल असे एखादे काम, ही अधिक मोलाची. एकत्र कुटुंबात ह्याची वाण नसते. वाण असते ती फक्त वडिलांच्या हातात काम राहू देण्याच्या धीराची. चुकेल म्हणून काम काढून घेणे सोपे; चुकले तर सुधारता येईल अशा बेताने ते त्यांच्याकडे ठेवणे अवघड. आदर ह्या दुसऱ्या गोष्टीत अधिक आहे.

आता दुसरी हकीकत, जी सांगताना आमची मान खाली जाते. अण्णांच्या धाकट्या भावजय, माई. आमटीत मीठ दोनदा पडू लागले; सणाच्या दिवशी पुरण कसे शिजवावे हे, साऱ्या आळीला पुरणपोळ्या खाऊ घातलेल्या त्या हातांना, आठवेना. आम्ही हसलो. रामरक्षा त्यांना अथपासून इतिपर्यंत मुखोद्‌गत होती. मग स्मृती गेली असे कसे म्हणावे? आमची समजूत इथेच चुकली. ह्या आजाराच्या सर्वसाधारण प्रकारात मेंदूच्या पोटातील ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा भाग आरंभीच दुबळा होतो, आणि नव्या आठवणी मुद्रित करणे हे त्याचे काम. म्हणून लहानपणी पाठ केलेले स्तोत्र शाबूत राहते, आणि अर्ध्या तासापूर्वीचे जेवण नाहीसे होते. एके संध्याकाळी माई रोजच्या देवळातून घरी आल्या नाहीत. दोन गल्ल्या पलीकडे एका अनोळखी ओट्यावर त्या बसलेल्या सापडल्या. तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या खुणेपासून तीन वर्षांनी.

त्यांना अल्झायमरचा आजार होता. आलोइस अल्झायमर ह्या जर्मन वैद्याने १९०६ साली ज्या पहिल्या रुग्णाचे वर्णन विद्वानांपुढे मांडले, ती बाई रुग्णालयात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. साठी तिने पाहिलीच नव्हती. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. मग लवकर कळून उपयोग काय, असे कोणी म्हणेल. ह्याचे उत्तर आम्हांस माईंच्या मृत्यूनंतर मिळाले. त्यांची पोथी उघडली, तो पानापानांतून कागदाचे कपटे निघाले. एकावर नातवंडांची नावे, वयांसह. एकावर घराचा पत्ता. एकावर, त्यांच्या वळणदार अक्षरात, ‘आमटीत मीठ घातले आहे’. आम्ही हसत होतो तेव्हा त्यांना सारे कळत होते. ज्या घरात २२ माणसे एका पंक्तीला जेवतात, त्या घरात एक बाई आपले दुखणे एकटीने, कपट्यांवर लिहून, लपवीत होती; कारण ते सांगितले असते तर तिला उत्तर म्हणून एक म्हण ऐकावी लागली असती.

लवकर कळले असते तर रोग हटला नसता. पण भीती वाटून घेता आली असती. काही काळ लक्षणे सौम्य करणारी औषधे देता आली असती. दागिन्यांचे, पैशांचे, मृत्युपत्राचे त्यांच्याच इच्छेने ठरविता आले असते. देवळात सोबत जाता आले असते. शेवटच्या वर्षांत त्यांच्या सर्व सेवेचा भार एकट्या सुनेवर पडला, तोही वेळीच घरातील स्त्रीपुरुषांत वाटून घेता आला असता.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे चिंतेचे नव्हे. चष्मा कशासाठी असतो हे न उमगणे चिंतेचे आहे. तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा येणे, पायाखालच्या वाटेवर चुकणे, जन्मभराची कृती न आठवणे, नेहमीचा हिशेब न जमणे, शांत स्वभाव एकाएकी संशयी होणे, ह्यांपैकी काही दिसल्यास हसू नये, रागावू नये. डॉक्टरांकडे न्यावे, व प्रथम कान, रक्त आणि चालू औषधे तपासून घ्यावीत. आणि असे काही दिसत नसेल, तर वडिलांना निष्कारण स्वस्थ बसवू नये.

गेल्या पाडव्याला अण्णांनी नवी कीर्द घातली. पहिल्या पानावर त्यांनी नेहमीप्रमाणे ‘श्री’ काढले, आणि खाली एक ओळ अधिक लिहिली: ‘चूक आढळल्यास मला सांगावी.’ ती वाचून आम्हांस माईंचे कपटे आठवले. तेवढे एक वाक्य मोकळेपणाने म्हणता येईल असे घर त्यांना लाभते, तर ते कपटे लिहावे लागलेच नसते.