४१२०झेड

लसीच्या सर्टिफिकेटांचा मला जुना नाद आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात नाणी, पोस्टाची तिकिटं, ग्रामोफोनच्या तबकड्या हुडकणारे पुष्कळ; मी पिवळी कार्डं हुडकतो. देवीचा रोग जगातून हटण्यापूर्वी परदेशी जाणाऱ्याला पासपोर्टासोबत हे कार्ड बाळगावं लागे. टोचल्याची तारीख, टोचणाऱ्याची सही आणि हुद्दा, लस कुठली, तिचा बॅच नंबर काय, आणि कडेला मान्यताप्राप्त केंद्राचा शिक्का. बंदरावरचा आरोग्य अधिकारी शिक्का बघायचा, फार तर तारीख. बॅच नंबरकडे बघायला कुणाला सवड नसे. टोचणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं, कारण माझ्याकडच्या कित्येक कार्डांत तो रकाना कोराच आहे.

२०२१च्या जुलैत, कोरोनाच्या साथीत, हा रकाना एकदम वाचला जाऊ लागला, आणि त्यात पुणं निघालं.

४१२०झेड००१, ४१२०झेड००२ आणि ४१२०झेड००३. ब्रिटनमध्ये ज्यांच्या सर्टिफिकेटवर या तीनपैकी एखादा नंबर आहे त्यांना युरोपात अडवलं जाऊ शकतं, अशी बातमी तिकडच्या वर्तमानपत्रांनी छापली. ब्रिटनने पुण्यात हडपसरला असलेल्या सीरम इन्स्टिट्यूटकडे ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाच्या लसीचे १ कोटी डोस मागितले होते. त्यातले ५० लाख पोचले, पुढचे भारतातली निर्यात आखडल्यावर रखडले. पोचलेले डोस ब्रिटिश औषध नियामकाने तपासले, पसंत केले आणि आपल्या लोकांना टोचले. टोचून घेणाऱ्याला आपल्या दंडात ऑक्सफर्ड गेलं की हडपसर, याची कल्पना असायचं कारणच नव्हतं. मग उन्हाळी सुट्टीवर माल्टाला निघालेल्या एका साठी ओलांडलेल्या जोडप्याला मँचेस्टर विमानतळावर विमानात चढू दिलं नाही. डोस दोन्ही झालेले, कागद चोख, फक्त नंबर ४१२०झेडवाला. बोभाटा झाला आणि काही दिवसांत माल्टाने नियम बदलला.

कायद्याच्या अंगाने माल्टाचं काही चुकलं नव्हतं. युरोपीय औषध संस्थेने, म्हणजे एमाने, मान्यता दिली होती ती 'व्हॅक्सझेव्हरिया' या नावाच्या लसीला, आणि तीही ठरावीक कारखान्यांत बनलेल्या. जैविक औषधाच्या बाबतीत कारखाना हा औषधाचाच भाग धरतात. जागा बदलली की तिची वेगळी मान्यता घ्यावी लागते. पुण्याचा कारखाना त्या यादीत नव्हता. एमाचं म्हणणं, कोव्हिशील्डसाठी, म्हणजे याच लसीच्या पुणेरी अवतारासाठी, आमच्याकडे अर्जच आलेला नाही. सीरमच्या अदर पूनावालांचं म्हणणं, ॲस्ट्राझेनेकामार्फत महिन्यापूर्वीच पाठवलाय. जागतिक आरोग्य संघटनेने याच पुणेरी लसीला १५ फेब्रुवारी २०२१ रोजीच आणीबाणीच्या वापराची मान्यता दिलेली. युरोपच्या नियमातही पळवाट होती: एमाची लस प्रत्येक सदस्य देशाने स्वीकारलीच पाहिजे, आणि आरोग्य संघटनेने मानलेली लस ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ती मर्जी जुलैच्या पहिल्या दिवसांत जर्मनी, ऑस्ट्रिया, स्पेन, ग्रीस, आयर्लंड अशा देशांना झाली. भारताने आतून जोर लावला होता, हे सांगायला नको.

सप्टेंबरात ब्रिटनशीच जुंपली, आणि ही भांडाभांडी मला माल्टापेक्षाही रंगतदार वाटते. १७ सप्टेंबरला लंडनने प्रवासाचे नवे नियम काढले. त्यात कोव्हिशील्ड नाही. स्वतःच्या ५० लाख डोसांत जी लस वापरली तीच आता ओळखेनात! परराष्ट्र सचिव हर्षवर्धन शृंगलांनी हा भेदभाव असल्याचं उघड सांगितलं. पाच दिवसांनी ब्रिटनने कोव्हिशील्ड यादीत घातली आणि सांगितलं, लसीबद्दल तक्रार नाही, तक्रार तुमच्या सर्टिफिकेटबद्दल आहे. भारताच्या कोविन पोर्टलच्या कागदावर वय छापलेलं असे, जन्मतारीख नसे. पासपोर्टवर जन्मतारीख असते, वय नसतं. दोन्ही कागद एकाच माणसाचे हे ताडायचं कसं? आक्षेप किरकोळ दिसतो, पण खोटा नव्हता, आणि कोविनने परदेशी जाणाऱ्यांसाठी जन्मतारखेची सोय केलीही. तोवर दिल्लीचा पारा चढलेला. ४ ऑक्टोबरपासून भारतात येणाऱ्या ब्रिटिशांना लस घेतलेली असो वा नसो, चाचण्या आणि दहा दिवस विलगीकरण. जशास तसे. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने कोव्हिशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या भारतीयांवरची विलगीकरणाची अट काढली.

आपल्या कागदावर जन्मतारखेला जागा नव्हती. पंतप्रधानांच्या छायाचित्राला होती. मार्च २०२१मध्ये निवडणुका लागलेल्या राज्यांत ते झाकावं लागलं, छत्तीसगड आणि झारखंडने आपापल्या मुख्यमंत्र्यांचं लावलं, केरळात एक नागरिक हायकोर्टात गेला तर त्यालाच १ लाखाचा दंड झाला. पुढे खंडपीठाने तो २५ हजारांवर आणला. मला या वादाचा कंटाळा आहे. एवढंच म्हणतो की ती दोन इंच जागा दुसऱ्या कामाला आली असती.

युरोपची व्यवस्था मात्र मनापासून आवडावी अशी. इस्रायलने फेब्रुवारीतच हिरवा पास काढला होता, पण तो एका देशापुरता. युरोपला २७ देश, डझनावारी आरोग्यखाती आणि एकमेकांवरचा पिढीजात अविश्वास एका चौकटीत बसवायचा होता. चौकट म्हणजे क्यूआर कोड. नाव, जन्मतारीख, रोग, लस, कितवा डोस, तारीख, देश आणि देणारी संस्था एवढाच मजकूर घ्यायचा. त्यावर संस्थेने आपल्या गुप्त डिजिटल किल्लीने सही करायची. मग सगळं दाबून लहान करायचं आणि ४५ चिन्हांच्या लिपीत उतरवायचं. पंचेचाळीसच का, तर आकडे, रोमन मोठी अक्षरं आणि थोडी विरामचिन्हं मिळून तेवढी चिन्हं क्यूआरमध्ये सर्वांत कमी जागेत मावतात. प्रत्येक कोडच्या सुरुवातीला 'एचसी१:' ही खूण.

खरी अक्कल पुढे आहे. लक्झेंबर्गमधल्या मध्यवर्ती सर्व्हरवर माणसांची माहिती ठेवलीच नाही. तिथे फक्त देशोदेशीच्या उघड किल्ल्या, ज्यांनी सही पडताळता येते. लिस्बनमधला पोलीस वॉर्सातल्या माणसाचा कोड स्कॅन करी तेव्हा वॉर्साला काही विचारत नसे. पोलंडची उघड किल्ली त्याच्या फोनमध्ये आधीच उतरवलेली असे. टी-सिस्टिम्स आणि एसएपी या जर्मन कंपन्यांनी हे उभारलं. १ जून २०२१ रोजी सात देशांनी सुरुवात केली, १ जुलैपासून नियम सगळ्यांना लागू झाला, आणि पुढे युरोपबाहेरचे ५१ देश-प्रदेशही याला जोडले गेले. व्हॅक्सझेव्हरियाला त्यात ईयू/१/२१/१५२९ असा सांकेतिक क्रमांक होता. कोव्हिशील्डला क्रमांक नव्हता, यादीत नुसतं नाव.

आणि बॅच नंबर? तो या चौकटीत नव्हताच. युरोपने तो रकाना सरळ गाळला. ४१२०झेडचं लफडं झालं ते ब्रिटिश सर्टिफिकेटवर तो छापलेला होता म्हणून.

ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस या व्यवस्थेतून एक कागद बाहेर पडला, तो मी जपून ठेवलाय. नाव: ॲडॉल्फ हिटलर. जन्म: १ जानेवारी १९००. (खरी तारीख २० एप्रिल १८८९, एवढीही तसदी घेतली नव्हती.) तपासणीच्या ॲपमध्ये धरला की हिरवा. सही अस्सल, किल्ली अस्सल. मिकी माउसचंही लसीकरण पूर्ण झाल्याचं दिसलं. किल्ल्या फुटल्या अशी आवई उठली. युरोपीय आयोगाने खुलासा केला की किल्ल्या शाबूत आहेत. सर्टिफिकेट देण्याचा अधिकार जिथे होता तिथेच कुणीतरी हात मारला. गणित अभेद्य होतं, पण गणिताला माहिती भरून देणारी खिडकी उघडी होती. बाद झालेली सर्टिफिकेटं देशांनी एकमेकांना कळवायची सामाईक सोय त्यानंतर करावी लागली.

जर्मनीत तर जुलैतच दोन संगणक-सुरक्षा तज्ज्ञांनी एक औषधाचं दुकान कल्पनेने काढलं, त्याची कागदपत्रं बनवली आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनेच्या पोर्टलवर नोंदवून सर्टिफिकेटं काढून दाखवली. देशभरच्या दुकानांतून ती देणं काही दिवस बंद ठेवावं लागलं.

आपल्याकडे खिडकी कुठे होती हे मुंबईने पाहिलं. लोकलने जायचं तर दोन डोस आणि वर १४ दिवस, हा नियम १५ ऑगस्ट २०२१पासून लागू झाला. सर्टिफिकेटवर क्यूआर होता, त्यात डिजिटल सही होती. स्टेशनाबाहेर टेबल मांडून पालिकेचे कर्मचारी बसले, सर्टिफिकेटच्या छापील प्रतीवर आणि ओळखपत्राच्या झेरॉक्सवर रबरी शिक्का मारत. तो शिक्का दाखवला की तिकीट खिडकीवर महिन्याचा पास. जगातल्या उत्तम सांकेतिक गणिताला शाईच्या पॅडची साक्ष! मला हसू आलं, पण टेबलावरच्या माणसाची अडचणही दिसत होती. मागे रांग जिन्यापर्यंत गेलेली. स्कॅन करत बसला असता तर आठ-बावन्नची फास्ट सोडा, दुपारची स्लोही कुणाला मिळाली नसती.

त्याआधी, ३० मे रोजी, कांदिवलीच्या एका सोसायटीत शिबिर भरलं. ३९० जणांनी डोसाला १,२६० रुपये मोजून लस घेतली. कुणाला ताप आला नाही, दंड दुखला नाही, टोचताना फोटो काढू दिला नाही. लोक गप्पांत विचारू लागले, तुला आला का रे ताप? पुढे सर्टिफिकेटं आली ती वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नावांची, आणि ती हॉस्पिटलं म्हणाली, आम्ही असं शिबिर घेतलंच नाही. बाटल्यांत सलाइनचं पाणी असावं असा संशय. मुंबईतल्या अशा नऊ बनावट शिबिरांत २,०५३ लोक फसल्याचं सरकारने हायकोर्टात सांगितलं. सर्टिफिकेट बनावट नव्हतं, कोविनमधूनच निघालेलं होतं. क्यूआर स्कॅन केला असता तर हिरवी खूण आली असती. आणि खरी लस घ्यायची तर संगणकाच्या लेखी यांना डोस मिळालेला, म्हणजे आधी हे खरं सर्टिफिकेट रद्द करून घेणं आलं.

याच्या बरोबर उलटा माणूस जर्मनीतल्या माग्देबुर्गचा. त्याचं नाव कधी जाहीर झालं नाही. साठीच्या आसपासचा. २०२२च्या वसंतात साक्सनीतल्या आयलेनबुर्गच्या लसीकरण केंद्रात तो लागोपाठ दुसऱ्या दिवशी आला आणि कर्मचाऱ्यांना चेहरा ओळखीचा वाटला. तपासात निघालं की हा दोन राज्यांतल्या केंद्रांतून हिंडत डोस घेत होता, कधी दिवसाला एकाहून जास्त. माग्देबुर्गच्या सरकारी वकिलांच्या हाती नऊ महिन्यांतल्या १३० डोसांचे पुरावे लागले.

कशासाठी? जर्मनीत कोविनसारखी देशभराची नोंदवही नव्हती. नागरिकांच्या माहितीची एका ठिकाणी रास घालायला तो देश फार बिचकतो, आणि त्यांचा इतिहास पाहता ते योग्यच वाटतं. डोस घेतला की पिवळ्या पुस्तिकेत नोंद आणि तीवर लसीच्या बॅच नंबरचं स्टिकर. ही पुस्तिका औषधाच्या दुकानात दाखवली की युरोपचा क्यूआर हातात. संशय असा होता की तो दर खेपेस कोरी पुस्तिका नेई, अस्सल बॅच नंबर मिळवी, आणि लस न घेणाऱ्यांना ते पान विकी. अस्सल नंबर हाच बाजारातला माल होता. नुसत्या कल्पनेने नंबर लिहिणारे दुकानदाराकडून पकडले जात. त्याच्या पुस्तिकेतला नंबर खरा, तारीख खरी, केंद्रही खरं. खोटं होतं ते फक्त वरचं नाव. कांदिवलीत कागद अस्सल आणि सुई खोटी. इथे सुई अस्सल, आणि ती भलत्याच्याच दंडात.

पेपरात हे वाचून एर्लांगेन-न्यूर्नबर्ग विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सरकारी वकिलांमार्फत त्याला गाठलं. एवढे डोस घेतल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती थकते का, हा त्यांचा प्रश्न. तो रक्त आणि लाळ द्यायला खुशीने तयार झाला. २०२४च्या मार्चमध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये त्यांचं छोटंसं टिपण आलं. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार २९ महिन्यांत २१७ डोस, आठ वेगवेगळ्या लसींचे. लेखकांनी कारण दिलंय ते फक्त 'खासगी'. प्रतिकारशक्ती थकलेली नव्हती. काही संरक्षक पेशी तर इतरांपेक्षा जास्तच होत्या. उल्लेखनीय दुष्परिणाम नाहीत, कोरोना झाल्याची खूण नाही. कुणीही याचं अनुकरण करू नये, हे त्यांनी आवर्जून बजावलंय.

युरोपचं सर्टिफिकेट ३० जून २०२३ला संपलं. २३० कोटींच्या वर कोड निघाले होते. किल्ल्यांची ती पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने उचलली, आणि २०२४च्या हजला ओमान, मलेशिया आणि इंडोनेशियाच्या अडीच लाखांवर यात्रेकरूंना तीच उपयोगी पडली. माग्देबुर्गचा माणूस तोवर मोकळा झाला होता. फसवणुकीच्या आरोपाखाली सुरू झालेल्या तपासातून खटला काही उभा राहिला नाही. डॉक्टरांची तपासणी चालू असताना त्याने आणखी डोस घ्यायचा हट्ट धरला. ते नको म्हणत होते, तो ऐकेना. मग त्यांनी त्या डोसाच्या आधीचं आणि नंतरचं रक्त घेऊन तेही टिपणात घातलं.