वरणगावचे काडतूस

भुसावळ सोडून महामार्गाने नागपूरच्या दिशेला निघाले की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि थोड्याच वेळात वरणगाव लागते. आजूबाजूला तापीच्या खोऱ्यातली केळी आणि कापूस, आणि त्यांच्या सोबतीला कुंपणाआड पसरलेली आयुध निर्माणी. पंचक्रोशीत तिला ‘फॅक्टरी’ एवढेच म्हटले तरी पुरते. इथे बनणारी वस्तू मुठीत मावते. ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाची लांबी सुमारे ५७ मिलिमीटर आणि वजन जेमतेम १२ ग्रॅम. पितळेची नळी, बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी, असे त्याचे चारच भाग. हे चार भाग एकमेकांना जुळवणे ही धातुकाम, रसायन आणि मोजमाप यांची मोठी परीक्षा आहे, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातले हात ती सहा दशके देत आहेत. खानदेशाची ओळख केळी, कापूस आणि भरताच्या वांग्यापाशी थांबते. त्या ओळखीत या कौशल्याचीही भर पडली पाहिजे.

१९६२ नंतरची गरज

भुसावळला आयुध निर्माणी आली ती १९४९ मध्ये. वरणगावची निर्माणी १९६४ ची. त्याआधी दोनच वर्षे, १९६२ च्या चीन युद्धात, आपले जवान हिमालयात .३०३ बोअरच्या जुन्या बोल्ट रायफली घेऊन लढले होते. दर गोळीला हाताने खटका मागे-पुढे करायचा, अशी ती रायफल. युद्धानंतर सैन्याच्या हाती ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरित रायफल, म्हणजे एसएलआर, येऊ लागली. नव्या रायफलीला नवे काडतूस हवे होते, तेही मोठ्या संख्येने. त्या काळात उभ्या राहिलेल्या कारखान्यांपैकी वरणगाव एक.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ संपुष्टात आले आणि देशातल्या ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. वरणगाव पुण्यातल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले, तर शेजारचे भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे. पाटी बदलली तरी काम तेच राहिले: ७.६२ आणि ५.५६ मिलिमीटरची, लहान शस्त्रांची काडतुसे.

शेतातून सैन्यात

५.५६ चे मूळ रणांगणावर नाही, शेतात आहे. अमेरिकेत कुरणांत बिळे करणारे आणि पिके खाणारे वुडचक, प्रेअरी डॉग असे छोटे प्राणी शेतकऱ्यांना भंडावून सोडत. लांबून, एका नेमक्या गोळीत त्यांचा बंदोबस्त करायचा तर गोळी लहान पण अतिशय वेगवान हवी. त्यासाठी १९३० च्या सुमारास .२२ हॉर्नेट हे काडतूस बाजारात आले. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर यांनी .२२२ रेमिंग्टन तयार केले, आणि अचूकतेसाठी त्याचे फार नाव झाले. १९५० च्या दशकाअखेरीस त्याचीच नळी थोडी लांबवून .२२३ घडवण्यात आले आणि ते एआर-१५ रायफलीसोबत अमेरिकन सैन्यात गेले. १९८० मध्ये नाटो राष्ट्रांनी ५.५६ × ४५ मिलिमीटर हे माप प्रमाण म्हणून स्वीकारले. पुण्याच्या पाषाण भागातल्या एआरडीई या संशोधन संस्थेने पुढे इन्सास रायफल विकसित केली ती याच मापाची.

सैन्यांना हे लहान काडतूस का आवडले, ते वजनातून कळते. ७.६२ चे काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, ५.५६ चे त्याच्या निम्मे. पाठीवर तेवढेच ओझे घेऊन जवान दुप्पट काडतुसे नेऊ शकतो.

शेतातले छोटे प्राणी टिपणाऱ्या अमेरिकन शिकाऱ्यांनी एक कारागिरीही वाढवली: काडतूस हाताने भरण्याची. उडालेली नळी जपून ठेवायची, तिची टोपी बदलायची, दारू तोलून घालायची, आपल्या रायफलीच्या नळीला मानवणारी गोळी बसवायची. आपल्याकडे हे घरी करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग व ते बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात. पण त्या शिकाऱ्यापुढचे प्रश्न आणि वरणगावसारख्या कारखान्यापुढचे प्रश्न एकच आहेत. नळी कोणती, टोपी कोणती, दारू कोणती, गोळी कोणती? शिकारी ते एका रायफलीसाठी सोडवतो, कारखान्याला देशभरातल्या रायफलींसाठी सोडवावे लागतात.

नळी

काडतुसाची नळी ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांच्या पितळेची. या मिश्रणाला जगभर काडतुसाचे पितळ म्हणूनच ओळखतात. पितळेची वाटी दाबयंत्रात टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. प्रत्येक ओढीबरोबर धातू कडक होत जातो, म्हणून मधूनमधून तो तापवून पुन्हा नरम करावा लागतो. तयार नळीचे बूड कडक असते आणि मान मऊ, आणि हा फरक मुद्दाम राखलेला असतो. बार उडताच आतला दाब ४०० मेगापास्कलच्या पुढे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजारपट होतो. त्या क्षणी मऊ मान फुगून रायफलीच्या कोठीला, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीला, घट्ट चिकटते आणि तप्त वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच नळी किंचित आखडते, म्हणून ती बाहेर काढता येते. लोखंडासारख्या स्वस्त धातूत हा गुण सहज मिळत नाही.

पितळेचा एक मोठा धडा जगाला भारतानेच दिला. ब्रिटिश अमदानीत इथल्या सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात. पावसाळा सरला की नळ्यांच्या मानेवर तडे दिसत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि ओढताना धातूत साठून राहिलेला ताण हे दोन्ही एकत्र आले की पितळ फाटते, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. योग्य तापमानाला तापवून तो ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय. सैनिकी काडतुसांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक म्हणजे त्या तापवण्याचीच खूण. नवखा तिला डाग समजतो, जाणकार तिच्याकडे भरवशाने पाहतो.

टोपी

बुडातल्या टोपीत आघाताने पेटणारे रसायन असते. पूर्वी पाऱ्याचे फल्मिनेट वापरत. त्याने नळीचे पितळ ठिसूळ व्हायचे. आता बहुधा शिशाचे स्टिफ्नेट असते. टोपीच्या रचना दोन, आणि दोन्ही १८६६ च्या सुमारास पेटंट झाल्या. अमेरिकेच्या कर्नल बर्डन यांच्या रचनेत ऐरण, म्हणजे रसायन ज्यावर चिरडले जाते तो उंचवटा, नळीतच असते आणि ठिणगी आत जायला साधारण दोन बारीक छिद्रे असतात. इंग्लंडच्या वूलविच कारखान्यातल्या एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत ऐरण टोपीतच असते आणि छिद्र मधोमध एकच. बॉक्सरची उडालेली टोपी एका सुईने मागे ढकलून काढता येते, म्हणून हाताने भरणारे शिकारी तीच निवडतात. नळी पुन्हा वापरायची नसेल तर बर्डनची रचना मोठ्या उत्पादनाला सोयीची पडते. म्हणजे टोपी निवडतानाच नळीचे पुढचे आयुष्यही ठरते.

दारू

आता दारूकडे येऊ, कारण इथे खानदेशाचा जुना सोबती भेटतो. आजची बिनधुराची दारू मुळात कापसातून आली. १८४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे शोनबाइन यांनी कापसावर आम्लांची प्रक्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. तो फार भडक होता, अनेक कारखाने त्याने उडवले. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल विएल यांनी तो द्रावकात मळून, थर करून, तुकडे करून असा घडवला की तो ठरावीक गतीने जळू लागला. काळ्या दारूच्या धुराचे लोट संपले आणि गोळीला तोवर न मिळालेला वेग मिळाला. आजही या दारूसाठी सरकीवर उरणारे आखूड तंतू हा महत्त्वाचा कच्चा माल आहे. जिनिंगमध्ये लांब धागा निघून गेल्यावर सरकीला चिकटून राहते तीच ही लव. जळगाव-धुळ्याच्या ज्या शेतकऱ्याने सरकी हातात घेतली आहे, त्याने या उद्योगाचा कच्चा माल पाहिला आहे.

दारूची खरी निवड तिच्या जळण्याच्या गतीत असते. नळी लहान आणि गोळी हलकी असेल तर दारू लवकर जळणारी हवी. नळी मोठी आणि गोळी जड असेल तर सावकाश जळणारी. चुकीची दारू पडली तर दाब गोळीच्या आधी रायफलीवर वार करतो. त्यात उष्णतेचाही हिशेब असतो. तापलेली दारू अधिक वेगाने जळते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, सियाचीनला तो शून्याच्या खाली चाळिशीपर्यंत उतरतो, आणि एकच काडतूस दोन्हीकडे चालले पाहिजे. म्हणून सैनिकी काडतुसांच्या चाचण्या मुद्दाम तापवून आणि गोठवूनही घेतल्या जातात.

हे काम धोक्याचे आहे. देशात अशी दारू बनवणाऱ्या निर्माण्यांत भंडारा आणि इटारसीची नावे येतात. भंडाऱ्याच्या निर्माणीत जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. सीमेवरच्या जवानाइतकाच आदर या कामगारांनाही मिळायला हवा. आज तो मिळत नाही, याची खंत वाटते.

गोळी

गोळीच्या आत शिशाचा गाभा आणि वर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते. शेतातल्या छोट्या प्राण्यांसाठी पातळ आवरणाची, लागताच फुटणारी गोळी निवडतात, कारण दगडावर आपटून ती गावाकडे भरकटता कामा नये. सैन्याला असे स्वातंत्र्य नाही. कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पसरणारी गोळी बनली, आणि तिच्यावरून पेटलेल्या वादानंतर १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात अशा गोळ्यांना मनाई केली. म्हणून सैनिकी गोळीचे आवरण पूर्ण असते.

वजनाचा आणि पिळाचा हिशेब वेगळाच. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांनी गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते. जुन्या अमेरिकन ५.५६ ची गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमची. तिला १२ इंचांत एक फेरा पुरतो. नाटोने स्वीकारलेली ६२ ग्रेनची गोळी अधिक लांब आहे, तिला अधिक घट्ट पीळ लागतो. गोळी लांब होईल तसा पीळ वाढवावा लागतो, हे गणित वूलविचचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच मांडले होते.

सारखेपणाचे मोल

असे चारही भाग निवडले की खरे काम सुरू होते. एक उत्तम काडतूस बनवणे कठीण नाही. लाखावे काडतूस पहिल्यासारखेच निघणे कठीण आहे. नळीची जाडी, टोपीची खोली, दारूचे वजन, गोळीचा तोल यांपैकी एकात जरा फरक पडला की गोळीचा वेग बदलतो. सुमारे ९०० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली गोळी दूरच्या निशाण्यावर तो फरक उघडा करते. तपासणीच्या मेजावर बसणाऱ्या माणसाचे डोळे आणि मोजमापाची यंत्रे यांच्यावर दूर कुठेतरी पहाऱ्यावर उभ्या असलेल्या अनोळखी जवानाचा जीव अवलंबून असतो. त्याची रायफल अडकली नाही, तर वरणगावचे नाव कोणी घेत नाही. नाव न येणे हीच इथल्या कामाची पावती.

कुंपणापलीकडचे शेत

आणि याच कारखान्याच्या पंचक्रोशीत, सातपुड्याच्या पायथ्याला आणि थेट शिरपूरपर्यंत, शेतकरी रानडुकरे आणि रोह्यांपायी, म्हणजे नीलगायींपायी, रात्री जागतो. त्याच्यासाठी कायद्याने काय ठेवले आहे? शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी पहिला पर्याय आहे ठासणीच्या बंदुकीचा: तोंडातून दारू ठासायची, छर्रे घालायचे, वर टोपी बसवायची. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार अंदाजाने भरलेला, प्रत्येक वेळी वेगळा. जनावर जखमी होऊन रानात शिरते, बंदूक फुटली तर माणूस जखमी होतो. त्याहून वाईट म्हणजे आमिषात लपवलेले गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेली वीज. त्यांना रोही, बिबट्या आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

वन्यजीव कायद्यात यासाठी वाट आहे. रानडुक्कर आणि नीलगाय आज अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. पण त्या परवानगीची अंमलबजावणी कोणत्या शस्त्राने, कोणत्या गोळीने आणि कोणाच्या हाताने व्हावी, हा प्रश्न आपण शेतकऱ्याच्या गळ्यात टाकून मोकळे झालो आहोत. दोनशे किलोंच्या नीलगायीला वुडचकची हलकी गोळी चालणार नाही, ठासणीचे छर्रेही चालणार नाहीत. जनावर, अंतर आणि मागची वस्ती पाहूनच नळी, दारू आणि गोळी ठरली पाहिजे, आणि ती प्रशिक्षित नेमबाजाच्या हाती असली पाहिजे. वन विभागाने जिल्हावार असे नेमबाज तयार करावेत, त्यांना कारखान्यात बनलेली, तपासलेली काडतुसे द्यावीत आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब ठेवावा.

त्याचबरोबर जळगाव आणि धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पितळेची ओढ, ताण काढणे आणि दर्जा तपासणी हे विषय शिकवताना वरणगावचे उदाहरण वर्गात आणावे. निवृत्त तंत्रज्ञांना बोलवावे, त्यांच्याकडून सारखेपणाची शिस्त शिकावी. पंप, ठिबक, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या इथल्या लहान उद्योगांनाही तीच शिस्त हवी आहे. ती बाहेरून आणण्याची गरज नाही, सहा दशकांची ती कमाई महामार्गालगत आपल्याच जिल्ह्यात आहे.