कळ थांबली म्हणजे खडा पडला असे नव्हे

उन्हाळा लागला की आमच्या कडेगाव भागात मूतखड्याचे रुग्ण वाढतात. उन्हात राबायचे, घाम गाळायचा आणि पाणी मात्र कमी प्यायचे, हे त्याचे मोठे कारण.

मागे एक शेतकरी दवाखान्यात आले. वर्षापूर्वी त्यांना कमरेतून जांघेपर्यंत असह्य कळ आली होती. इंजेक्शनने ती थांबली. "खडा पडला असणार," असे समजून त्यांनी पुन्हा तपासणी केलीच नाही. सोनोग्राफीत दिसले, खडा मूत्रवाहिनीत तसाच अडकलेला आणि वरचे मूत्रपिंड फुगून निकामी होत आलेले!

मूत्रवाहिनी ही मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची सुमारे २५ ते ३० सें.मी. लांब, अगदी अरुंद नळी. ५ मि.मी.पेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो. मोठा खडा अडकतो. लघवी तुंबते, पण काही दिवसांनी दुखणे कमी होते आणि रुग्ण फसतो. कुळथाचे कढण जरूर प्यावे. त्याने अडकलेला खडा विरघळत नाही.

शस्त्रक्रियेची भीती मात्र आता नको. पूर्वी कुशीवर मोठा छेद घ्यावा लागे. आता लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण वर नेऊन लेसरने खडा फोडतात. छेद नाही, टाके नाहीत. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. काही खडे शरीराबाहेरून आघातलहरींनीही फोडता येतात. हा उपचार माणसावर प्रथम १९८० साली जर्मनीत म्युनिक येथे झाला.

शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा मूत्रवाहिनीत तात्पुरती मऊ नळी (स्टेंट) ठेवतात. ती सांगितलेल्या तारखेला काढून घ्यावीच. विसरल्यास तिच्यावरच खडे जमतात.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा :

• कळ थांबली तरी खडा पडल्याची तपासणीने खात्री करून घ्या.

• खड्याच्या दुखण्यात थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच मूत्रपिंड असेल, तर सकाळची वाट न पाहता कराड किंवा मिरजेसारख्या ठिकाणचे मोठे रुग्णालय गाठा.

• लघवी फिकट राहील इतके पाणी प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

त्या शेतकऱ्यांचा खडा दुर्बिणीने निघाला. मूत्रपिंडाची गेलेली शक्ती मात्र पूर्ण परत आली नाही. वर्षापूर्वी एक सोनोग्राफी केली असती, तर ती वाचली असती.