इंटरनेटवरील दुकानाच्या नावाचा मालक कोण?

खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा येथील कापड व्यापारी बांधवही हल्ली वेबसाइट काढू लागले आहेत. दुकानाची नोंद किंवा जीएसटीचा क्रमांक सरकारी खात्याकडून मिळतो. इंटरनेटवरील नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते मात्र कंपन्यांमार्फत मिळते आणि त्याचे बरेचसे नियमही सरकारबाहेरच ठरतात.

या नावांचा जगभरचा कारभार आयकॅन ही संस्था पाहते. १९९८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ती ना-नफा खासगी संस्था म्हणून निघाली. अमेरिकन सरकारचा तिच्यावरील करार २०१६ मध्ये संपला. तिच्यात कंपन्या, तंत्रज्ञ, व्यावसायिक व सामान्य वापरणारे मिळून नियम ठरवितात. सरकारांची समिती आहे, पण ती सल्ला देणारी. आपल्या बाजार समितीत शेतकरी, व्यापारी-अडते आणि हमाल-मापारी यांचे प्रतिनिधी बसतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. फरक असा की बाजार समितीवर राज्याचा १९६३ चा कायदा आहे, तर आयकॅनचा अंमल करारांवर चालतो.

‘डॉट इन’ आणि ‘डॉट भारत’ ही नावे निक्सी पाहते. ही २००३ साली सरकारच्या पुढाकाराने निघालेली ना-नफा कंपनी आहे. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळू लागले. परंतु अनेक खासगी वेबसाइटचे फॉर्म असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत. सरकारने नाव दिले तरी ते चालविणे कंपन्यांच्या हाती राहते, ते असे.

ग्राहकाला नाव रजिस्ट्रार कंपनीकडून मिळते. ते कायमचे विकत मिळत नाही. ठराविक वर्षांच्या मुदतीने मिळते. मुदतीत पैसे भरले नाहीत तर सवलतीच्या काही दिवसांनंतर दुसरा कोणीही ते घेऊ शकतो.

दुसऱ्याने आपले नाव बळकावले तर काय? ‘डॉट इन’च्या तंट्यात निक्सीने नेमलेला लवाद निवाडा करतो. नाव आपल्या नावासारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याचा हेतू वाईट आहे, हे तक्रारदाराने दाखवावे लागते. कोर्टाचा दरवाजाही उघडा आहे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात २००४ साली सुप्रीम कोर्टाने डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते असे ठरविले.

लवादाचा मार्ग कोर्टापेक्षा लवकर संपतो, हा खासगी व्यवस्थेचा फायदा. पण तेथे कागद बोलतो. वेबसाइट बनविणाऱ्याने नाव स्वतःच्या नावे नोंदविले असेल, तर वीस वर्षांच्या पेढीलाही आपला हक्क शाबीत करीत बसावे लागेल.

म्हणून व्यापारी बांधवांनी चार गोष्टींची खातरजमा करावी. नोंद पेढीच्या किंवा मालकाच्या नावे असावी. नोंदीतील ईमेल व मोबाइल आपलाच असावा आणि पासवर्ड आपल्याकडे असावा. पावती जीएसटीच्या कागदांसोबत ठेवावी. मुदतीची तारीख खातेवहीत लिहावी. जमल्यास नावाचा ट्रेडमार्कही घ्यावा.

नियम ठरविणाऱ्या बैठकांत मोठ्या कंपन्यांची माणसे हजर असतात, लहान गावचा दुकानदार नसतो. आपल्या व्यापारी संघांनी सभेत हा विषय घ्यावा, आणि ‘डॉट भारत’ पत्ते न स्वीकारणाऱ्या कंपन्यांकडे लेखी मागणी करावी.